मित्रांच्या रकान्यातली हिरवी

देवरीच्या एका कार्यालयात भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. डावीकडे हिरव्या अक्षरांत 'मित्र कीटक', उजवीकडे लाल अक्षरांत 'शत्रू कीटक'. डाव्या रकान्यात हिरव्या अंगाचा, जाळीदार पंखांचा, सोनेरी डोळ्यांचा एक नाजूक किडा काढलेला आहे आणि खाली 'क्रायसोपा' असं नाव आहे. त्या चित्रावर पेन टेकवून मला एका साहेबांनी सांगितलं होतं की तुमच्या झाडांवर जे झालं म्हणता, ते होऊच शकत नाही. त्याला आता वर्ष उलटून गेलं. राग काही गेलेला नाही, आणि तो जावा असं मलाही वाटत नाही.

मी गोंदियाला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि लग्न होऊन चिचगडजवळच्या एका गावात आले. नवरा सडक अर्जुनीला हायवेवर ट्रकच्या टायरचं काम करतो, रविवारी घरी येतो. बाकी आठवडाभर घरात मी आणि माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. धानाची शेती आहे, आणि बांधावर अकरा पळस आहेत. त्या पळसांवर मामाजी लाख घेतात. आम्ही पोवार, लाखेचं काम आमच्या घरांतलं नाही. मामाजी तरुणपणी जंगलकामाला जायचे, तिथल्या गोंड सोबत्यांकडून ते शिकले. नात्यातले लोक नावं ठेवायचे, धान सोडून हे काय किडे पाळतो म्हणून. मामाजींनी कधी उत्तर दिलं नाही आणि लाख सोडलीही नाही.

मला हे काम पहिल्या वर्षीच आवडलं. पावसाळा लागला की जिवंत किडे असलेल्या लाखेच्या काड्या पळसाच्या कोवळ्या फांद्यांना सुतळीनं बांधायच्या. या काड्यांना बिहन म्हणतात. त्यातून मोहरीपेक्षाही बारीक, तांबडी पिल्लं निघतात, फांदीभर पसरतात आणि जिथे बसतात तिथेच जन्मभर बसून राहतात; त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या राळेचं कवच म्हणजेच लाख. काही आठवड्यांनी त्यांच्या अंगावर पांढरे मेणाचे धागे येतात आणि फांदी कापूस चिकटल्यासारखी दिसू लागते. तो कापूस दिसला की मामाजींचा चेहरा उजळायचा. कॉलेजात मी बेडूक कापला होता, झुरळाच्या तोंडाचे भाग काचपट्टीवर मांडले होते; पण कुणी किड्यांची अशी काळजी घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. सकाळी चहाआधी ते एक फेरी मारून यायचे आणि काय पाहिलं ते मला सांगायचे. मुंग्या चढताहेत, चौथ्या पळसाची एक फांदी वाळली, वगैरे. लाखेला शत्रू पुष्कळ. त्यातल्या एकीला ते नुसतंच 'हिरवी' म्हणायचे.

गेल्या वर्षीच्या श्रावणात गावात एका संस्थेचा प्रकल्प आला. भाजीपाल्यावर फवारणी कमी करायची, मित्र कीटक सोडायचे, असा तो प्रकल्प. हेतू चांगलाच होता, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. आमच्या बांधाला लागून ज्यांची भाजीची वाडी आहे त्या काकूंनी त्यात नाव दिलं. काकू एकट्या राहतात, बरबटी, म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि भेंडी लावतात, बाजाराला स्वतः घेऊन जातात. त्यांना कागदाची कार्डं मिळाली, क्रायसोपाची अंडी चिकटवलेली. त्यांनी ती बरबटीच्या मांडवाला टाचली. आमचा पहिला पळस तिथून तीसेक पावलांवर.

पोळा झाला आणि एका सकाळी मामाजी फेरीवरून आले ते ओट्यावरच टेकले. चहा थंड झाला. मग म्हणाले, "हिरवीनं खाल्ली लाख."

मी गेले. पहिल्या चार पळसांवरचा पांढरा कापूस जागोजागी उडाला होता. नखानं लाख उचकटली तर आत किडा नव्हता, नुसती पोकळ टरफलं. पांढऱ्या मेणाचं एक बारीक बोंड फांदीवरून चालत होतं. काडीनं ते बोंड बाजूला केलं तर खाली अळी. तोंडाला दोन वाकडे चिमटे, आणि पोट तांबूस, आमच्याच किड्यांच्या रसानं. पानांच्या मागे केसासारख्या दांड्यांवर तिची अंडी उभी होती. ती अंडी पाहून मला कॉलेजच्या पुस्तकातलं अर्धं पान आठवलं. क्रायसोपिडी, हिरव्या जाळीपंख्यांचं कुळ. आणि काकूंच्या कार्डांवरही हेच नाव छापलेलं होतं.

दोन अधिक दोन चार, असं आम्ही केलं. मामाजी तसेच वाडीच्या कुंपणाशी गेले आणि काकूंना नको ते बोलले. फुकटचं मिळालं म्हणून दुसऱ्याच्या पिकावर किडे सोडतेस का, असं काहीतरी. काकू कमी बोलणाऱ्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मांडवाला टाचलेली कार्डं एकेक करून ओढून काढली आणि त्या झोपडीत निघून गेल्या. त्यानंतर बांधावर समोरासमोर आले तरी दोघं मान वळवायचे. वीस वर्षांपासूनची शेजारीण ती. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा तेरा दिवस आमच्या घरचा स्वयंपाक तिनं केला होता, असं नवऱ्यानं मला सांगितलं होतं.

मी मामाजींना घेऊन देवरीला त्या संस्थेच्या कार्यालयात गेले. साहेब माझ्या नवऱ्याच्या वयाचे, कृषी पदवी घेतलेले, बोलायला गोड. मी फोनवरचे फोटो दाखवले. त्यांनी दोन पाहिले, बाकीचे नाही पाहिले. लाख त्यांच्या प्रकल्पात नाही म्हणाले. मी म्हटलं, पण तुमचा किडा आमच्या झाडावर आहे. तेव्हा ते उठले आणि त्या तक्त्यापाशी गेले.

"ताई, हा मित्र कीटक आहे," ते म्हणाले. "मित्र कीटकानं नुकसान केलं असं मी कुठे लिहू? तसा रकानाच नाही."

त्यांनी मला कॉम्प्युटरवरचा अर्जही दाखवला. 'नुकसान करणारी कीड' या जागी टिचकी मारली की यादी उघडते. तुडतुडे होते, खोडकिडा होता, मावा होता. क्रायसोपा नव्हता. म्हणजे तक्रार करायची तर आधी शत्रूंच्या यादीतला कुणीतरी निवडायचा. हसत हसत त्यांनी सुचवलंही की 'इतर' टाकू या, पण 'इतर' टाकलं की वरून परत येतं.

मामाजी इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, "मित्र आहे त खाऊन काऊन राहिली? एकदा येऊन पाहा ना साहेब."

साहेब म्हणाले, येतो.

आणि ते आले, हे मी प्रामाणिकपणे सांगते. चार दिवसांनी मोटारसायकलवर आले. मला बरं वाटलं. मी त्यांना पहिल्या पळसाखाली नेलं, पोकळ लाख दाखवली. त्यांनी मान हलवली. इतक्यात पानावर एक पूर्ण वाढ झालेली हिरवी बसलेली त्यांना दिसली. ती सुरेखच दिसते, नाही म्हणता येत नाही. साहेबांनी फोन काढला, वाकून, बसून, चार-पाच फोटो घेतले. चहा घेतला, बरबटीचा मांडव लांबून पाहिला आणि गेले. ती पांढरं बोंड पाठीवर घेतलेली अळी मी काडीवर धरून उभी होते. ती त्यांनी पाहिली नाही. हातात घेऊन बघा, असं मी दोनदा म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात, साहेबांनीच प्रकल्पासाठी काढलेल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो आला. पळसाचं पान, त्यावर हिरवी. खाली मजकूर होता: 'प्रकल्प क्षेत्रात मित्र कीटकांची यशस्वी वाढ. शेतकऱ्यांमध्ये आनंदाचे वातावरण.' लोकांनी अंगठे टाकले. आमच्याच नात्यातल्या तिघांनी टाळ्या वाजवणारे हात टाकले. पानाच्या कडेला आमच्या सुतळीची गाठ स्पष्ट दिसत होती. त्या सुतळीनं मी आणि मामाजींनी बिहन बांधलं होतं, आणि त्या फांदीवर आता एकही किडा जिवंत नव्हता.

मी तो फोन मामाजींना दाखवला नाही. पण गावात असं काही लपत नाही. पानठेल्यावर कुणीतरी त्यांना दाखवलाच. घरी येऊन त्यांनी एवढंच विचारलं की आनंदाचं वातावरण म्हणजे काय असते. मला रडू आलं नाही, अंगाची आग झाली. वाटलं, आपण तीन वर्षं शिकलो ते कशासाठी? साहेबांनी नाही पाहिलं तर आपण तरी नीट कुठे पाहिलं? नाव एक दिसलं आणि आपणही मोकळे झालो.

मग मी पाहायला बसले. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवल्या, झाकणांना भोकं पाडली. पळसावरच्या अळ्या त्यात ठेवल्या. पहिल्या दिवशी एका बाटलीत दोन ठेवल्या. संध्याकाळपर्यंत एकच उरली होती, दुसरीचं नुसतं कातडं. त्यानंतर एका बाटलीत एकच. आता कार्डावरच्या अळ्या हव्या होत्या. दुसऱ्या खेपेची कार्डं नुकतीच गावात आली होती आणि काकूंनी ती न लावता पत्र्याखाली टाकून दिली होती. मी मागायला गेले. त्यांनी माझ्याकडे न पाहता कार्ड पुढे केलं.

"ने," त्या म्हणाल्या. "दाखव आपल्या मामाजीले, किती दात आहेत त्याईले."

त्या कार्डातल्या अळ्या दोन दिवसांत निघाल्या. आणि मी चमकले. त्यांची पाठ उघडी होती. अंगावर तपकिरी पट्टे, पण पाठीवर काही नाही. पळसावरच्या अळ्या मेण, टरफलं, जे मिळेल ते पाठीवर रचत होत्या. एकीच्या पाठीवरचं सगळं मी ब्रशनं काढलं तर तासाभरात तिनं पुन्हा रचलं. कार्डावरचीला मी मेण दिलं, लाखेचा चुरा दिला, तिनं ढुंकून पाहिलं नाही. तिला लाखेची जिवंत काडी दिली. दिवसभर ती काडीवरून फिरली आणि उतरली. आमच्या परसातल्या वालावरचा मावा दिला, तर तुटून पडली. मी हे पाच-सहा बाटल्यांत करून पाहिलं. मी काही शास्त्रज्ञ नाही, माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नाही. पण उघडी पाठ आणि ओझं घेतलेली पाठ यांतला फरक कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

कॉलेजात मला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त होऊन गोंदियाला असतात. त्यांना मी फोटो पाठवले आणि फोन केला. त्यांनी आधी मला झापलं, की फोटोत मोजपट्टी का नाही ठेवली. मग सांगितलं की कूळ एकच आहे, क्रायसोपिडी, पण या कुळात जाती ढिगानं आहेत आणि या दोन वेगळ्या प्रजातींतल्या दिसतात. एकेकाळी दिसेल त्या हिरव्याला क्रायसोपा म्हणायचे. पुढे पंखांच्या शिरा, डोक्यावरचे ठिपके, नराचे अवयव बघून लोकांनी त्यांना वेगवेगळं केलं, नावं बदलली, अजून बदलतात. लाख खाणारीचं जुन्या पुस्तकातलं नावही आता राहिलेलं नाही. नक्की जात मात्र त्यांनी सांगितली नाही; फोटोवरून सांगणारा माणूस खोटा समज, म्हणाल्या.

मी विचारलं, "मग मित्र की शत्रू, ते कशावरून ठरतं?"

"ते प्राणिशास्त्रात नाही गं," बाई म्हणाल्या. "ते तक्ता छापणाऱ्याला विचार."

फोन ठेवल्यावर मला दुप्पट राग आला. एक राग साहेबांचा. त्यांच्याकडे पदवी होती, कार्डं होती, आणि ती अळी मी त्यांच्या नाकासमोर धरली होती. खाली वाकून पाहिलं असतं तर म्हणाले असते, ताई, ही आमची नाही, ही तुमच्या पळसावरची जुनीच आहे, तिचा बंदोबस्त असा करा. एका मिनिटाचं काम. त्यात त्यांचंही नाव राहिलं असतं. त्याऐवजी त्यांनी आमच्या लाखेवर पोसलेल्या हिरवीला आपली म्हणून मिरवलं. दुसरा राग स्वतःचा. काकूंच्या कार्डांनी आमचं काही केलं नव्हतं, आणि आम्ही त्यांना चोरासारखं वागवलं होतं.

मामाजींसमोर बाटल्या मांडल्या. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाले की ओझंवाली तर ते लहानपणापासून पाहत आले आहेत, मग त्या दिवशी त्यांना ते कसं सुचलं नाही. मी म्हटलं, कार्डावर नाव होतं म्हणून. ते उठले, टोपी घातली आणि बांधाकडे निघाले. मी मागे राहायला हवं होतं, पण गेले.

काकू भेंडी तोडत होत्या. मामाजी कुंपणाबाहेर उभे राहिले.

"तुही हिरवी नव्हती ते," ते म्हणाले. "आमचीच होती. मी फालतू बोललो तुले."

काकू भेंडी तोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त कार्डं काढून टाकली ना. माही बरबटी माव्यानं गेली यंदा." त्यात ओरडणं नव्हतं, रडणंही नव्हतं. खरंच बरबटीचे शेंडे काळे पडले होते; तीन आठवडे आम्ही रोज समोरून जात होतो आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं.

भाद्रपद संपता संपता प्रकल्पाची सभा आमच्या गावच्या समाजमंदिरात झाली. साहेब होते, त्यांच्या वरच्या एक मॅडम नागपूरहून आल्या होत्या. मंचामागे मोठा फलक होता आणि त्यावर आमचं पान, आमची सुतळी, आमची हिरवी. मी बाटल्या पिशवीत घेऊन तिसऱ्या रांगेत बसले, शेजारी काकू, त्यांच्या शेजारी मामाजी. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उठले. मी सरळ सांगितलं की फलकावरचा किडा तुम्ही सोडलेला नाही, तो लाख खाणारा आहे, फोटो आमच्या पळसावरचा आहे आणि ज्या फांदीवर तो बसलाय तिथली लाख मेलेली आहे. दोन्ही अळ्या बाटल्यांत आणल्या आहेत, पाहून घ्या.

साहेब म्हणाले, "ताई, आपण यावर नंतर सविस्तर बोलू."

"नंतर नको," मी म्हटलं. "तुम्हाला मी झाडाखाली दोनदा दाखवली. आता सगळ्यांसमोर पाहा."

सभेत हसू आलं. मॅडमनी हात पुढे केला, बाटल्या घेतल्या, पाहिल्या. इंटरेस्टिंग आहे, म्हणाल्या. काकू बसल्या बसल्याच बोलल्या की इंटरेस्टिंग राहू द्या, फलक उतरवा. फलक काही उतरला नाही. पुढे बक्षिसं होती, पुरी-भाजी होती. बाटल्या मंचावरच्या टेबलावर राहिल्या. जाताना मी त्या परत घेतल्या, कारण आतल्या अळ्यांना सकाळपासून खायला काही मिळालं नव्हतं.

पंधरा दिवसांनी सभेचा अहवाल त्याच ग्रुपवर आला. मी दोनदा वाचला. आमच्याबद्दल एक ओळ होती: 'महिला शेतकऱ्यांनी मित्र कीटकांविषयी विशेष उत्सुकता दाखवली.' मी ग्रुपवर जे घडलं ते पाच-सहा वाक्यांत लिहिलं, दोन्ही अळ्यांचे फोटो टाकले, यावेळी मोजपट्टी ठेवून. संध्याकाळपर्यंत साहेबांनी ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकतील असं करून टाकलं. अंगठे, टाळ्या हे सगळं चालत होतं. मी लिहिलं तेव्हाच दार बंद झालं.

लाखेचं म्हणाल तर हिरवीनं पुढे आणखी दोन पळस खाल्ले, मागचे पाच वाचले. दिवाळीच्या आसपास त्यावरचं बिहन उतरवलं, पुढच्या पिकासाठी तेच नव्या फांद्यांना बांधायचं होतं. बाईंनी सांगितलं होतं की बिहन बारीक जाळीच्या पिशवीत घालून बांधायचं. लाखेची पिल्लं जाळीतून निघून जातात आणि आत लपलेला शत्रू आतच अडकतो. गोंदियाहून जाळीचं कापड मी आणलं. शिवणयंत्र काकूंकडे आहे. त्यांच्या ओट्यावर तीन दुपारी आम्ही दोघी पिशव्या शिवत बसलो आणि मामाजी तोंडं बांधायला दोऱ्या कापत होते. मामाजींनी आपणहून त्यांना सांगितलं की पुन्हा कार्डं आली तर लाव, उलट आमच्या बांधाकडच्या मांडवाला आधी लाव. काकू म्हणाल्या, पाहू.

पिशव्या बांधून झाल्या त्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. नवोपक्रम म्हणून एक पान करायचंय, म्हणाले, पिशव्या बांधलेल्या झाडाचा फोटो पाठवाल का, शक्य असल्यास सासऱ्यांसोबत.

मी म्हटलं, फोटो मिळणार नाही. यायचं तर या, झाडाखाली बसा, पिशवी उघडून आत काय अडकलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि जे दिसेल ते लिहा. चहा मी देईन.

ते बरं म्हणाले. अजून आलेले नाहीत. उन्हाळ्यात आम्ही त्या पिशव्या उतरवून पाहिल्या तेव्हा सात पिशव्यांत ओझंवाल्या अळ्यांचे पांढरे, रेशमी, गोल कोश होते. मामाजींनी ते मोजून एका डब्यात ठेवले आणि नव्या बिहनासाठी पळसाच्या फांद्या छाटायला कोयता घेऊन निघाले.